कॅनबेरा नगरींतील स्वतंत्र चूल

परदेशचें वर्णन लिहावयास बसलेला आपल्याकडील गृहस्थ बहुधा ठराविक स्थळांकडे वळतो. वस्तुसंग्रहालयें, पूल, विद्यापीठें, उपवनें, आणि शेवटीं तेथील लोकांची शिस्त व आपला ढिलेपणा यांची तुलना, असा त्या लेखाचा क्रम असतो. ऑस्ट्रेलियाची राजधानी जें कॅनबेरा शहर, तेथें कन्येच्या घरीं कांहीं महिने राहण्याचा योग मला आला, आणि या सर्व गोष्टींचीं टांचणें मीहि करून आणिलीं आहेत. परंतु आज वाचकांस मी नेणार आहें तें यांपैकीं कोठेंहि नव्हे, तर नगराच्या वायव्य भागांतील एका साध्या क्रीडांगणावर. तेथें स्त्रियांचा एक संघ वेतन घेऊन फुटबॉल खेळतो. त्या संघाचें नांव 'कॅनबेरा युनायटेड'. त्याचा हंगाम कसा चालतो, त्याचा भार कोण वाहतें, आणि विजय मिळवूनहि त्यास उद्यांची चिंता कां करावी लागते, हें जाणून घेतांना मला आपल्या घरांतील कन्यांविषयीं बराच विचार करावा लागला; म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम नगराविषयीं चार शब्द. ऑस्ट्रेलियांतील वसाहतींचें एक राष्ट्र झालें, तेव्हां राजधानीचा मान सिडनीस द्यावा कीं मेलबर्नला, असा वाद माजला. अखेर दोहोंपैकीं कोणासच न देतां दोहोंच्या दरम्यान, सिडनीपासून सुमारें २८० किलोमीटर अंतरावर, एक नवें नगर वसवावयाचें ठरलें. १९१२ सालीं वॉल्टर बर्ली ग्रिफिन या अमेरिकन स्थापत्यविशारदाचा आराखडा पसंत झाला. त्या आराखड्याचीं सुरेख चित्रें त्याची पत्नी मॅरियन महोनी ग्रिफिन हिनें काढिलीं होतीं, आणि त्या चित्रांचा परीक्षकांच्या मनावर मोठा प्रभाव पडला असें जाणते लोक सांगतात. १२ मार्च १९१३ रोजीं नगराचें नामकरण झालें, आणि १९२७ सालीं पार्लमेंट तेथें भरूं लागलें. पुढें हाच ग्रिफिन १९३५ सालीं लखनौ येथें तेथील विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा आराखडा करण्यासाठीं आला, आणि १९३७ सालीं तेथेंच वारला. त्याची कबर लखनौसच आहे. कॅनबेराच्या मध्यभागीं जो विस्तीर्ण कृत्रिम तलाव आहे त्यास त्याचें नांव दिलेलें आहे. पण ज्या भूमींत तो चिरनिद्रा घेत आहे ती आपली आहे, हें त्या तलावाकांठीं फिरतांना मला वारंवार आठवे.

नगर असें आहे कीं त्यांत रान अधिक कीं वस्ती अधिक, असा नवख्यास प्रश्न पडावा. टेंकड्यांवर घरें बांधूं द्यावयाचीं नाहींत हा तेथील दंडक; त्यामुळें कोठेंहि उभे राहिलें तरी दृष्टीच्या शेवटीं निलगिरी वृक्षांनीं भरलेली एखादी टेंकडी दिसतेच. सायंकाळीं त्या टेंकड्यांवरून कांगारू खालीं उतरून हिरवळ चरूं लागतात. पांढरेशुभ्र काकाकुवे शेंकड्यांनीं येऊन असा कलकलाट करितात कीं संध्येचें आचमनहि लक्षपूर्वक होत नाहीं. मॅगपाय नांवाचा एक काळापांढरा पक्षी आहे. त्याचा कंठ फार गोड, परंतु वसंतांत त्याच्या घरट्यावरून जाणाऱ्याच्या मस्तकावर तो झडप घालतो, आणि त्या भयानें सायकलवाले आपल्या शिरस्त्राणावर सळ्यांचे कांटे बांधून हिंडतात. ऋतूंचा क्रम तेथें उलटा. आपण मार्गशीर्षांत शेकोटी पेटवितों तेव्हां तेथें उन्हाळ्यास प्रारंभ झालेला असतो, आणि रात्रीं आठ वाजेपर्यंत उजेड रेंगाळतो. स्त्रियांच्या या स्पर्धेचा हंगाम याच दिवसांत येतो. सांप्रत तो ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून एप्रिल-मेपर्यंत चालतो.

'सॉकर' हा शब्द येथें समजावून सांगितला पाहिजे. ऑस्ट्रेलियांत 'फुटबॉल' म्हटल्यानें भागत नाहीं. लंबवर्तुळाकृति चेंडूचे रग्बीचे दोन प्रकार आहेत. शिवाय त्या देशाचा स्वतःचा असा आणखी एक फुटबॉल आहे. मेलबर्नकडील मनुष्य एकास फुटबॉल म्हणतो, सिडनीकडील दुसऱ्यास. आपण ज्या खेळाला फुटबॉल म्हणतों, ज्यांत चेंडू वाटोळा असतो आणि गोलरक्षकावांचून कोणी त्यास हात लावावयाचा नसतो, त्यास तेथें पुष्कळ दिवस 'सॉकर' म्हणत आले आहेत. या घरच्या भावंडांच्या गर्दींत वाटोळ्या चेंडूचा खेळ धाकटा, आणि त्यांतील स्त्रियांचा खेळ तर शेंडेफळच.

शेंडेफळ खरें, पण त्याचें वय मात्र कमी नाहीं. २४ सप्टेंबर १९२१ रोजीं ब्रिस्बेन येथील गॅबा या प्रसिद्ध मैदानावर उत्तर ब्रिस्बेन व दक्षिण ब्रिस्बेन अशा स्त्रियांच्या दोन संघांचा सामना झाला होता, आणि तो पाहावयास सुमारें दहा हजार लोक लोटले होते. त्याच वर्षीं डिसेंबरांत इंग्लंडच्या फुटबॉल-संस्थेनें, हा खेळ स्त्रियांस शोभत नाहीं असें ठरवून, आपल्या संघांच्या मैदानांवर स्त्रियांना खेळूं देण्याची बंदी केली. ती बंदी जवळजवळ पन्नास वर्षें टिकली. ऑस्ट्रेलियाच्या स्त्रियांचा पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना १९७९ सालीं न्यूझीलंडशीं झाला, तो २–२ असा बरोबरींत सुटला. १९९५ सालीं लोकांचीं मतें घेऊन राष्ट्रीय संघास 'मटिल्डाज' हें नांव मिळालें. हा शब्द तेथील एका अत्यंत लोकप्रिय गीतांतला आहे, आणि मौज अशी कीं त्या गीतांतील 'मटिल्डा' म्हणजे कोणी स्त्री नसून पायीं भटकणाऱ्या मजुराच्या पाठीवरचें गांठोडें होय. आपलें सर्वस्व पाठीवर बांधून मुलुखभर हिंडणें या अर्थानें पाहिलें तर हें नांव या खेळाडूंस अगदीं यथार्थ लागू पडतें, असें पुढील हकीकतीवरून वाचकांच्या ध्यानांत येईल.

राष्ट्रीय संघ वर्षांतून कांहीं दिवसच एकत्र येतो. उरलेल्या काळीं खेळाडूंनीं कोठें खेळावें? या प्रश्नाचें उत्तर म्हणून २००८ सालीं आठ संघांची एक राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. तीस त्या वेळीं 'डब्ल्यू-लीग' म्हणत. सांप्रत 'ए-लीग विमेन' म्हणतात. पहिल्या हंगामांत प्रत्येक संघाच्या वांट्यास साखळीचे अवघे दहा सामने आले. या आठांतील सात संघ ज्यांच्या नांवानें उतरले त्यांचे पुरुषांचे संघ आधींपासूनच होते. त्यांचें नांव, त्यांचे रंग, त्यांची ओळख या सर्वांचा आधार स्त्रियांच्या संघास आयताच मिळाला. आठवा संघ कॅनबेराचा. या नगरांत पुरुषांचा असा संघ त्या स्पर्धेंत नव्हताच. राजधानीप्रदेशाच्या फुटबॉल-संस्थेनें केवळ स्त्रियांसाठीं म्हणून हा संघ उभा केला, त्यास हिरवा रंग दिला, आणि तो तसाच पुढें चालविला.

आपल्याकडील उपमा द्यावयाची तर, इतर संघांतील मुली या एकत्र कुटुंबांतील लेकी होत. वडील भावाची दुकानदारी चांगली चालत असली तर त्यांच्या ताटांतहि चार घांस अधिक पडतात. ती बसली तर पहिली काटकसर त्यांच्याच लुगड्यापासून सुरू होते. कॅनबेराच्या मुलींची चूल आरंभापासून वेगळी. तेथें भावाच्या ताटांत पाहून आपलें ताट वाढण्याचा प्रश्नच नाहीं. परंतु सरपण संपलें तर शेजघरांतून आणावयाची सोयहि नाहीं. एकत्र कुटुंबाचे गुणदोष ज्यांनीं जन्मभर अनुभविले आहेत त्या आपल्या वाचकांस या दोन्ही स्थितींतील सुखदुःखें मीं निराळीं सांगावयास नकोत.

या वेगळ्या चुलीवर शिजलें मात्र उत्तम. पहिल्याच हंगामांत कॅनबेराचा संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला. जानेवारी २००९ मध्यें ब्रिस्बेन येथें झालेल्या त्या सामन्यांत तो तेथील संघाकडून २–० असा हरला. तीन वर्षांनीं, २०११-१२ च्या हंगामांत, त्यानें जें केलें त्यास त्या नगराच्या क्रीडेतिहासांत मानाचें स्थान आहे. त्या वर्षीं चेक देशांतून आलेल्या यिट्का क्लिम्कोवा या बाई संघाच्या मार्गदर्शक होत्या. याच बाई पुढें न्यूझीलंडच्या राष्ट्रीय स्त्री-संघाच्याहि प्रमुख झाल्या. त्यांच्या हाताखालीं कॅनबेराचा संघ साऱ्या साखळींत एकहि सामना हरला नाहीं, गुणांत पहिला आला, आणि २८ जानेवारी २०१२ रोजीं आपल्याच मैदानावर ब्रिस्बेनच्या संघास ३–२ असें हरवून अंतिम विजयहि त्यानें मिळविला. तीन वर्षांपूर्वीं ज्यांनीं हरविलें त्यांनाच घरच्या प्रेक्षकांसमोर हरविण्याचा योग क्रीडेंत क्वचित् येतो. पुढें डिसेंबर २०१४ मध्यें या मुलींनीं पर्थ येथें जाऊन, त्या वर्षीं साखळींत पहिल्या आलेल्या तेथील संघास ३–१ असें नमविलें व दुसऱ्यांदां अंतिम विजय मिळविला.

पर्थ हें नांव सहज उच्चारलें जातें, पण नकाशा पुढें घेऊन पाहावें. कॅनबेरापासून पर्थ तीन हजारांहून अधिक किलोमीटर दूर आहे. शिवाय २०२१-२२ पासून न्यूझीलंडमधील वेलिंग्टनचाहि संघ या स्पर्धेंत आहे, म्हणजे तेथें जाण्यास समुद्र ओलांडावा लागतो. शनिवारीं सामना खेळून, रविवारीं विमानानें परत येऊन, सोमवारीं सकाळीं शाळेंत शिकवावयास किंवा रुग्णालयांत रुग्णांची शुश्रूषा करावयास हजर व्हावयाचें, असा क्रम या स्पर्धेंतील पुष्कळशा खेळाडूंनीं वर्षानुवर्षें चालविला आहे; कारण खेळाच्या वेतनावर वर्ष निभत नाहीं. स्पर्धा सुरू झाल्यानंतर नऊ वर्षेंपर्यंत तिच्यांतील खेळाडूंसाठीं किमान वेतनाचा सामुदायिक करारच नव्हता. तो प्रथम २०१७ सालीं झाला, आणि त्यानें एका हंगामाचें किमान वेतन दहा हजार ऑस्ट्रेलियन डॉलर ठरविलें. पुढें तें वाढत गेलें. हंगामहि वाढला: २००८-०९ मध्यें दहा सामने होते, ते २०२३-२४ मध्यें बारा संघ व प्रत्येकीं बावीस सामने असे झाले. हंगाम वाढला म्हणजे खेळाडूंचा मान वाढला, हें खरें. पण त्याबरोबर दुसरी नोकरी संभाळण्यास उरणारे महिनेहि कमी झाले, हेंहि तितकेंच खरें.

आतां मैदानाकडे चलावें. त्याचें नांव मॅकेलर पार्क. बेलकॉनन नांवाच्या भागांत तें आहे, आणि सुमारें साडेतीन हजार माणसें त्यांत मावतात. एका बाजूस बैठकीची लहानशी इमारत आहे. बाकीच्या बाजूंस गवताची उतरण, तिजवर लोक सतरंज्या अंथरून बसतात. २०२४-२५ च्या उन्हाळ्यांत मीं तेथें पाहिलेल्या सामन्यांना आलेली मंडळी म्हणजे बहुतेक कुटुंबेंच्या कुटुंबें होतीं. आजी, आई, आणि पायांत खेळाचे बूट घातलेल्या नाती. आमच्याहि कन्येनें डब्यांत तिखटमिठाचे दडपे पोहे बरोबर घेतले होते. शेजारच्या सतरंजीवरील एका वृद्ध बाईंनीं ते चाखून पाहिले, आणि डोळ्यांत पाणी आलें तरी पुन्हां मागून घेतले. त्या बाई संघाच्या पहिल्या हंगामापासून सामने पाहत आल्या होत्या. खेळाडूंविषयीं त्या बोलत तें आपल्या आळींतल्या मुलींविषयीं बोलावें तसें: अमकीचा गुडघा आतां बरा आहे, तमकी परीक्षेला बसली आहे.

खेळाविषयीं माझें ज्ञान शाळेच्या मैदानापुरतें. तरी इतकें सांगूं शकतों कीं, प्रेक्षकाच्या इतक्या जवळून चालणारा असा खेळ मीं पूर्वीं पाहिला नव्हता. मैदानाच्या कठड्यास टेंकून उभें राहिलें तर गोलरक्षिका आपल्या पुढच्या मुलींस काय ओरडून सांगते तें शब्दशः ऐकूं येतें. चेंडू छातीवर झेलून तो पायाशीं येईपर्यंत धांवणारीनें मान फिरवून दोन्ही बाजूंच्या मुली कोठें आहेत हें पाहून घेतलेलें असतें. पाठांतर उत्तम असलेला विद्यार्थी पुढचा चरण आधींच मनांत म्हणून ठेवतो, तशांतला तो प्रकार. सामना संपल्यावर, हार असो वा जीत, खेळाडू कठड्याच्या कडेनें संथपणें फिरतात, आणि लहान मुली पुढें केलेल्या वह्यांवर, टोप्यांवर, क्वचित् हातावरहि त्यांच्या सह्या घेतात. बराच वेळ हा कार्यक्रम चालतो, आणि दिवे मालवण्याची वेळ झाली तरी कोणी हलत नाहीं.

माझी अकरा वर्षांची नात या कठड्यावरची नेहमींची. एकदां घरीं परततांना मीं तिला विचारलें, "बाळ, तुमच्या गांवाला पुरुषांचा संघ नाहीं, याचें वाईट नाहीं वाटत?" ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "पण आजोबा, आमचा संघ आहे ना!" तिच्या लेखीं 'संघ' या शब्दाचा अर्थच हिरव्या सदऱ्यांतील मुली असा होता. त्याच्या आधीं 'स्त्रियांचा' हें विशेषण लावण्याची तिला गरज भासली नव्हती. व्याकरण शिकविण्यांत माझा जन्म गेला. परंतु विशेषण गळून पडलें म्हणजे नामास केवढें बळ येतें हें त्या दिवशीं नातीनें दाखविलें.

या संघांतील दोन नांवें विशेष सांगितलीं पाहिजेत. एक लिडिया विल्यम्स. ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांपैकीं असलेल्या पित्याची ही कन्या, पश्चिमेकडील दूरच्या भागांत वाढून कॅनबेरास आली, आणि दीर्घकाळ या संघाची व राष्ट्राची गोलरक्षिका राहिली. दुसरी मिशेल हेमन. ही २०१० पासून, मध्यंतरींचा थोडा काळ सोडल्यास, याच संघाकडून खेळत आली आहे, आणि या स्पर्धेंत शंभर गोलांचा टप्पा प्रथम तिनेंच गांठला. २०१९ सालीं तिनें राष्ट्रीय संघांतून निवृत्ति पत्करली होती. परंतु या लहानशा मैदानावरचा तिचा खेळ पाहून २०२४ च्या आरंभीं, वयाच्या पसतिसाव्या वर्षीं, राष्ट्रीय संघाचें बोलावणें तिला पुन्हां आलें. त्या फेब्रुवारींत मेलबर्न येथें उझबेकिस्तानविरुद्ध तिनें चार गोल केले व ऑस्ट्रेलियानें १०–० असा विजय मिळविला. त्याच वर्षीं ऑलिंपिकमध्यें झांबियाविरुद्धच्या ६–५ अशा विलक्षण सामन्यांत शेवटचा, निर्णायक गोलहि तिचाच. कॅनबेराची चूल विझली असती तर ही गुणी स्त्री त्या वयांत राष्ट्राच्या दृष्टीस पुन्हां पडती काय, याचा विचार करावा.

राष्ट्रीय संघाची कीर्ति तर आपणांसहि अपरिचित नाहीं. २०२२ सालीं आशियांतील स्त्रियांची अजिंक्यपदाची स्पर्धा मुंबई, नवी मुंबई व पुणें येथें भरली होती. २१ जानेवारीस मुंबईंत, अंधेरीच्या मैदानावर, ऑस्ट्रेलियानें इंडोनेशियास १८–० असें हरविलें. त्यांत पांच गोल सॅम कर हिचे होते, आणि त्या दिवशीं तिनें ऑस्ट्रेलियाच्या पुरुष व स्त्री सर्व खेळाडूंतील सर्वाधिक गोलांचा विक्रम आपल्या नांवावर केला. हिचा पिता कलकत्त्यास जन्मलेला. ही स्वतः पंधरा वर्षांची असतां, याच स्पर्धेच्या पहिल्या हंगामांत पर्थच्या संघांतून खेळली होती. नऊ दिवसांनीं पुण्यांत, बालेवाडी येथें, हाच बलाढ्य संघ दक्षिण कोरियाकडून ०–१ असा हरून परतला. ज्या गांवच्या वेशीवर हें घडलें त्या गांवांत मी जन्म काढला. पण तेव्हां या खेळाडू कोठून येतात, कोठें वाढतात, याची मला वार्ताहि नव्हती.

पुढच्याच वर्षीं जगज्जेतेपदाची स्पर्धा ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या देशांत झाली. १२ ऑगस्ट २०२३ रोजीं ब्रिस्बेन येथें फ्रान्सविरुद्धचा सामना पेनल्टीवर ७–६ असा सुटला, आणि शेवटचा निर्णायक चेंडू मारणारी कोर्टनी व्हाइन ही त्या वेळीं याच स्पर्धेंतील सिडनीच्या संघाची खेळाडू होती. चार दिवसांनीं इंग्लंडविरुद्धचा उपान्त्य सामना पाहावयास सिडनीच्या मैदानांत ७५,७८४ लोक होते. ऑस्ट्रेलिया त्यांत १–३ अशी हरली, शेवटीं चौथी आली, तरी साऱ्या देशानें त्या मुलींना डोक्यावर घेतलें.

येथेंच मला जें सांगावयाचें आहे त्याचा गाभा आहे. आषाढीस पंढरपुरांत लाखों लोक लोटतात. पण विठ्ठलापुढचा नंदादीप आषाढ सोडूनच्या अकरा महिन्यांतहि जळावा लागतो, आणि त्याचें तेल कोणी तरी रोज घालावें लागतें. सिडनीचे पाऊण लाख लोक ही वारी झाली. मॅकेलर पार्कच्या गवतावरील मंडळी हे नंदादीपाचे सेवेकरी होत. वारी पाहणाऱ्यास वाटतें कीं एवढ्या भक्तीपुढें तेलाची काय वाण! परंतु तेलाची वाण पडली. २०२४ सालापासून राजधानीप्रदेशाच्या फुटबॉल-संस्थेस या संघाचा खर्च एकट्यानें झेपेनासा झाला. या नगरास पुरुषांचा संघ देऊन दोहोंस एकच धनी मिळवून द्यावा, म्हणजे स्त्रियांच्या संघाचीहि सोय लागेल, असा स्पर्धेच्या चालकांचा बेत होता. ऑकलंड व कॅनबेरा येथें नवे संघ काढावयाचें त्यांनीं २०२३ सालीं जाहीर केलें. ऑकलंडचा संघ २०२४-२५ मध्यें मैदानांत आला. कॅनबेरासाठीं मात्र द्रव्य घालणारा कोणी वेळेवर मिळाला नाहीं. म्हणजे जो भाऊ अद्याप जन्मासच आला नव्हता त्याच्या भरंवशावर बहिणीचें भवितव्य टांगून राहिलें. प्रदेशाच्या सरकारनें साहाय्य केलें, खेळाडूंनीं व प्रेक्षकांनीं हांका मारल्या, आणि एकेका वर्षाची सोय लागत गेली. २०२५-२६ च्या हंगामांतहि संघ हिरवे सदरे घालून उतरला. शेजारच्या सतरंजीवरील त्या वृद्ध बाई मला म्हणाल्या होत्या कीं, हंगामाचा शेवटचा सामना पाहतांना हा खरोखरच शेवटचा तर नसेल ना, अशी धास्ती दरवर्षीं वाटते.

आपले कित्येक वाचक म्हणतील, आणि तसें म्हणण्यास त्यांना आधारहि आहे, कीं खेळ हा आरोग्यासाठीं व विनोदनासाठीं असावा. त्याचा धंदा कां करावा, आणि त्यांतून कुलीन स्त्रियांनीं? पैकीं जनसमूहासमोर खेळण्याचा प्रश्न जुन्या ग्रंथांनीं निकालांत काढलेला आहे. दण्डीच्या दशकुमारचरितांत राजकन्या कंदुकावती ही दर महिन्यास कृत्तिका नक्षत्रीं देवीच्या प्रीत्यर्थ सर्व लोकांदेखत चेंडू खेळते, आणि कवीनें त्या क्रीडेंतील गतींचें मोठें शास्त्रशुद्ध वर्णन केलें आहे. तो चेंडू हाताचा, हा पायाचा, एवढाच काय तो भेद. वेतनाचा प्रश्न अधिक नाजूक. परंतु मुलींनीं गाणें शिकावें, पण चारचौघांत गाऊं नये. गायल्या तरी बिदागी घेऊं नये, हेंहि एके काळीं आपणच म्हणत होतों. आज त्याच घरांतील मुलींच्या मैफलीचीं तिकिटें काढून आपण पुढच्या रांगेंत बसतों. आमच्या सांगलीची स्मृति मानधना ही २०१६ सालींच ब्रिस्बेनच्या संघातर्फे तेथील स्त्रियांच्या व्यावसायिक क्रिकेटस्पर्धेंत खेळून आली, आणि त्याचा आपणांस अभिमानच वाटला. ज्या कौशल्यासाठीं दहा-बारा वर्षें देह झिजवावा लागतो त्यास दक्षिणा असूं नये, हा नियम आपण वैदिकास लावीत नाहीं, वैद्यास लावीत नाहीं, शिक्षकासहि लावीत नाहीं. मग तो खेळणाऱ्या मुलीसच कां लावावा?

आणि आपल्याकडेहि आतां या गोष्टी दूरच्या राहिलेल्या नाहींत. २०२५ सालीं थायलंडला त्याच्याच भूमींत हरवून भारताच्या मुली आशियाच्या अजिंक्यपदस्पर्धेस पात्र ठरल्या, आणि ती स्पर्धा ऑस्ट्रेलियांतच भरावयाची होती. आपल्या एखाद्या कुटुंबांतील मुलगी उद्यां सायंकाळीं चेंडू घेऊन मैदानावर निघाली, तर तिच्यासाठीं टाळ्या वाजविणारे पुष्कळ भेटतील. तिला बूट कोण आणून देणार, परगांवीं जावयाचें तर तिकीट कोण काढणार, गुडघा दुखावला तर त्या वर्षीं तिला कोण सांभाळणार, आणि तिचा मोठा भाऊ नापास झाला म्हणून तिची फी बंद होणार नाहीं ना, हे प्रश्न टाळ्यांनीं सुटत नाहींत. ते घरांत, जमाखर्चाच्या वहींत सुटतात. कॅनबेराच्या त्या हिरव्या उतरणीवर बसणारे लोक दर आठवड्यास तिकिटाचे पैसे मोजून आपल्या वहींत तेवढी एक ओळ लिहीत आले आहेत. आपल्या वहींत ती ओळ आहे कीं नाहीं, हें प्रत्येक घरानें पाहून घ्यावें.